शंभर किलो रातांबे आणि एक वही

कोकणातल्या आमच्या वाडीतल्या नऊ मुलांनी मे महिन्याच्या सुट्टीत शंभर किलो रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, सरबत केलं, ते विकलं, आणि आलेल्या-गेलेल्या प्रत्येक रुपयाचा हिशेब दोनशे पानी वहीत मांडला. मी बचत गटाची खजिनदार. पिंपं, चाळण, लाकडी कालथे आणि सरबताची गोडी मोजायचं यंत्र गटाचं, आणि वही बघायला मी, असं ठरलं होतं. मुलांना धंदा शिकवायचा म्हटलं की मोठी स्वप्नं बघा, धाडस करा, नोकरी मागू नका, नोकरी द्या, अशी भाषणं ऐकायला मिळतात. ती ऐकून मुलं टाळ्या वाजवतात आणि घरी जातात. किलोला काय पडलं, बाटलीला काय पडलं आणि आपल्या घामाला काय मिळालं, हे कागदावर मांडायला कोणी बसवत नाही. आम्ही बसवलं. त्यातून जे निघालं ते इथे लिहिते आहे.

मला याची निकड का वाटली, तेही सांगते. माझे वडील लालबागच्या गिरणीत होते. आमच्या भागात घराघरातून माणूस गिरणीत, आणि घर मनीऑर्डरवर. पोस्टमन यायचा, आजी अंगठा द्यायची, पैसे पत्र्याच्या पेटीत जायचे. किती आले, कशाला गेले, दुकानदाराची उधारी किती तुंबली, हे पोरांसमोर बोलायचं नाही असा दंडक होता. १९८२च्या जानेवारीत संप झाला, मनीऑर्डर थांबली, वडील गावी परतले, आणि घरात पैसा हा विषय आला तो एकदम भांडण होऊनच. आम्हा भावंडांना तोवर आपलं घर महिन्याला किती रुपयांत चालतं याचा अंदाजसुद्धा नव्हता. पुढे मी गटाची वही लिहायला लागले तेव्हा बघितलं, घरोघरी आजही तेच आहे. मुलगा बारावीला असतो, त्याला बापाच्या होडीचं कर्ज ठाऊक नसतं. मुलगी कॉलेजात जाते, आई काजूगर सोलून दिवसाला किती मिळवते हे तिने कधी विचारलेलं नसतं. शिकून मुंबई-पुण्याला जायचं एवढं मात्र सगळ्यांना पाठ असतं.

म्हणून मुलांच्या आयांनी जेव्हा विचारलं की सुट्टीत पोरांना काहीतरी कामाचं शिकवा, तेव्हा मी दोन अटी घातल्या. चौदा वर्षं पूर्ण झालेलीच मुलं घ्यायची, आणि पैसा मुलांचा स्वतःचा लागला पाहिजे. पहिली अट कायद्यासाठी. आपल्या मालाचा धंदा करायचा म्हटलं तरी लहान पोरांना कामाला जुंपणं मला मान्य नाही. दुसरी अट शिकण्यासाठी. दुसऱ्याच्या पैशावर चाललेला हिशेब कोणी दोनदा तपासत नाही.

रातांबेच का, हे मुलांनीच ठरवलं. आंबा म्हटला की पेटी, वाशीचा बाजार, दलाल, पट्टी, सगळंच आवाक्याबाहेरचं. काजूला भट्टी आणि मशीन लागतं. मासळी एका दिवसात संपवावी लागते. रातांबा एप्रिलच्या शेवटाला पिकायला लागतो, झाडं परसात आणि बांधावर असतात, आणि निम्मे लोक ते वेचतही नाहीत, खाली पडून कुजतात. सिंधुदुर्ग आणि रत्नागिरीच्या कोकमाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे हा माल या भागाचाच खास अशी सरकारी नोंद, मिळालं आहे. हे कळल्यावर एक मुलगा म्हणाला, मग आपण लेबलवर ते चिन्ह छापूया. मी त्याला सांगितलं, मानांकन मिळालं म्हणून कोणीही छापायचं नसतं, अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. ते ऐकून त्याचा उत्साह मावळला नाही. पुढच्या वर्षांसाठीच्या कामांचं एक पान त्याने वहीच्या मागे उघडलं आणि पहिली ओळ तीच लिहिली.

सरबत करण्यापूर्वी अंदाजपत्रक. हे मी सक्तीने करून घेतलं आणि त्यासाठी मुलांना बाजारात पाठवलं. साखरेचा भाव तीन दुकानांत विचारून आले, एका दुकानात किलोला ४६ आणि गोणीने घेतली तर ४४. बाटल्या कुडाळहून आणायच्या, बुचासकट १२ रुपयांना एक. रातांबे २० रुपये किलो. फळाच्या साधारण निम्मी साल निघते, म्हणजे शंभर किलोला पन्नास किलो साल, आणि सालीच्या दुप्पट साखर हे दापोलीच्या कृषी विद्यापीठाचं प्रमाण आमच्या गटात पूर्वीपासून वापरात आहे. म्हणजे शंभर किलो साखर. रातांब्यांचे २०००, साखरेचे ४४००, जिरं-मीठ आणि टिकवण्याचं औषध मिळून ३००, एकशेवीस बाटल्यांचे १४४०, लेबलांचे ३६०, टेम्पो-रिक्षाचे ५००. बेरीज ९००० रुपये. भाव आधी फिरून विचारलेले होते म्हणून खर्चही पुढे त्याच घरात राहिला.

पिंपांचं भाडं धरायचं का, असा प्रश्न एका मुलीने काढला. गटाने ते माफ केलं. मी मुलांना वहीत ती ओळ तरीही लिहायला लावली, भाडं शून्य, गटाची मदत. कोणी फुकट दिलं म्हणून ते फुकट असतं असं मुलांच्या डोक्यात बसायला नको होतं.

आता नऊ हजार आणायचे कुठून. प्रत्येकाने ३०० रुपये काढायचे ठरले. कोणाकडे दिवाळीतले, कोणाकडे मामाने दिलेले, एकाने करवंदं विकून जमवले. नऊ जणांचे २७०० झाले. उरलेले ६३०० गटाकडून कर्ज. अठरा वर्षांखालच्या मुलाने केलेला करार कायद्यात टिकत नाही, म्हणून कर्ज माझ्या नावावर निघालं आणि मुलांनी मला वेगळ्या कागदावर लिहून दिलं. तो कागद कोर्टात चालणारा नव्हता, पण त्यावर सही करताना नऊच्या नऊ चेहरे गंभीर झाले होते.

व्याजाचा धडा इथे आला आणि मी तो घाईत उरकला नाही. गट दोन टक्क्यांनी कर्ज देतो. मुलांना वाटलं, किती स्वस्त, बँक तर नऊ-दहा टक्के घेते. मी फळ्यावर लिहिलं, आपले दोन टक्के महिन्याचे, बँकेचे नऊ वर्षाचे. दोन गुणिले बारा, चोवीस. खाजगी सावकार पाच म्हणतो तेव्हा ते वर्षाचे साठ असतात. वर्ग एकदम शांत झाला. एका मुलाने हळूच विचारलं, बापाने होडीच्या इंजिनासाठी तीन टक्क्यांनी घेतलेत, ते कसले? मी त्याला सगळ्यांसमोर उत्तर दिलं नाही, घरी जाऊन त्याच्या वडिलांकडून समजून घे म्हटलं. मग बहात्तरचा आडाखा दाखवला. वर्षाच्या व्याजदराने बहात्तरला भागा, तेवढ्या वर्षांत रक्कम साधारण दुप्पट होते. बँकेत सहा टक्क्यांनी ठेवलेले पैसे दुप्पट व्हायला बारा वर्षं. गटाचं कर्ज फेडलं नाही आणि व्याजावर व्याज चढत गेलं तर तीन वर्षं. गटाचं व्याज निदान फिरून गटातल्या बायकांकडेच येतं, तरीही दर तो दरच. मुलांनी कर्ज दोन महिन्यांत फेडायचं ठरवलं आणि महिन्याचे १२६ असे २५२ रुपये वहीत बाजूला मांडून ठेवले.

कामाचं फार वर्णन करत नाही, कोकणातल्या वाचकाला ते माहीत आहे. फळं धुऊन, पुसून, कोरडी करून चिरायची, बिया आणि गर काढायचा, सालीच्या वाटीत साखर भरायची आणि पिंपात थरावर थर लावायचे. आठवडाभर उन्हात, रोज ढवळणं. पाणी सुटतं, साखर विरघळते, रंग असा उतरतो की मुलं झाकण उघडून नुसती बघत बसायची. मग गाळणं, जिरं-मीठ घालणं, बाटल्या भरणं. गोडी मोजायच्या यंत्रात ६५ च्या खाली आकडा असेल तर ते सरबत भरायचं नाही, हा नियम. सरबत घट्ट आणि पुरेसं गोड नसेल तर ते आंबतं. एका पिंपाचा आकडा कमी आला तेव्हा मुलांनी ते आणखी उन्हात ठेवलं. तरीही दोन बाटल्या पुढे फुगल्या, बहुतेक तळाचं सरबत नीट ढवळलं गेलं नव्हतं. बिया टाकल्या नाहीत, धुऊन सुकवल्या. त्यांचं मुठेल, म्हणजे कोकमाचं तूप, होतं हे मुलांना आज्यांकडून ठाऊक होतं, पण सुक्या बिया विकत घेणारा व्यापारी आहे हे पहिल्यांदा कळलं. नऊ किलो बिया चाळीस रुपयांनी गेल्या, ३६० रुपये.

लेबलवर मात्र खूप वेळ गेला. मुलांना लिहायचं होतं, शंभर टक्के नैसर्गिक, पित्तावर रामबाण. टिकवायला सोडियम बेंझोएट घातलंय, मग नैसर्गिक कसं? आणि खाण्याच्या वस्तूवर अमुक आजार बरा होतो असं छापायला परवानगी नसते. यावर वाद झाला. बाजारात सगळे लिहितात, मग आपणच का नाही? माझं म्हणणं मी स्पष्ट सांगितलं. जे घातलंय ते लिहायचं, जे सिद्ध करता येत नाही ते लिहायचं नाही, आणि या बाबतीत मतदान होणार नाही. शेवटी लेबलवर घटक, वजन, बनवल्याची तारीख, किती दिवस टिकेल, बॅच नंबर, किंमत, हिरवा ठिपका, पत्ता आणि गटाचा अन्न नोंदणीचा चौदा आकडी नंबर आला. वर्षाला बारा लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला तेव्हा वर्षाचे १०० रुपये भरून ही नोंदणी मिळायची. मुलांना वाटत होतं, यासाठी मोठी ओळख लागते, मुंबईला जावं लागतं. एवढी साधी गोष्ट ठाऊक नसल्यामुळे किती बायका आपल्या हातचा माल लपतछपत विकतात, हे मी गटात वर्षानुवर्षं बघते आहे.

बाटल्या भरून झाल्यावर किंमत ठरवायची बैठक माझ्या पडवीत झाली. ही बैठक मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

नऊ हजार भागिले एकशेवीस, बाटलीला ७५ रुपये. एका मुलाने लगेच सांगितलं, शंभराला विकूया, बाटलीमागे पंचवीस सुटतात. दुसऱ्याने गुणाकार केला आणि ओरडला, "काकी, तीन हजार रुपये नफो!" सगळ्यांना आनंद झाला. प्रत्येकी तीनशे तेहेतीस, म्हणजे घातलेले पैसे दुप्पट. मी काही बोलले नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर मी पहिल्या दिवसापासून एक तक्ता लिहायला लावला होता, कोण किती तास कामाला होतं याचा. तो कशासाठी हे सांगितलं नव्हतं. अकरावीतली एक मुलगी ते पान काढून बसली होती. तिने मान वर करून विचारलं, "मग आवशीचे पैशे खंय धरले?" म्हणजे आईच्या कामाचे पैसे कुठे धरले?

तक्त्यात एकूण सहासष्ट तास होते. त्यातले अठ्ठावीस मुलांचे आणि अडतीस तीन आयांचे. रातांबे चिरायला, साखर भरायला, उन्हातली पिंपं ढवळायला या तिघीच जास्त वेळ होत्या, मुलं क्रिकेट खेळायला गेली तेव्हाही. आमच्याकडे बाईमाणसाला दिवसाची मजुरी त्या वर्षी ४०० रुपये होती. आठ तासांचे चारशे म्हणजे तासाला पन्नास. सहासष्ट गुणिले पन्नास, ३३०० रुपये.

तीन हजार नफा आणि तेहेतीसशे मजुरी. शंभर रुपयांना बाटली विकली असती तर तीनशे रुपयांचा घाटा होता.

कोणी बराच वेळ बोललं नाही. मग एकजण म्हणाला, पण आईला कोण पैसे देतं? घरचंच काम आहे. आणि हेच ते वाक्य आहे, ज्यावर कोकणातले कित्येक घरगुती धंदे उभे आहेत आणि ज्याच्यामुळे ते वाढत नाहीत. सरबत, आगळ, सोलं, आंबापोळी, फणसपोळी, कुळथाचं पीठ, मालवणी मसाला. भाव ठरतो तो सामानाच्या खर्चावर थोडे वर ठेवून. ते थोडे म्हणजे बाईच्या पंधरा दिवसांच्या राबण्याचा मोबदला असतो आणि त्यालाच सगळे नफा म्हणतात. बाईने उद्या काम थांबवलं आणि मजूर लावायची वेळ आली की धंदा त्याच दिवशी तोट्यात जातो. मुलांना मी विचारलं, तुमची आई आजारी पडली तर हे सरबत शंभर रुपयांत होईल का? त्यांनीच उत्तर दिलं, नाही. मग ते आजही शंभर रुपयांत होत नाही.

मजुरी धरून खर्च १२३०० झाला, व्याज धरून १२५५२. बाटलीला १०४ रुपये ६० पैसे. दुकानांतून फिरून आलेली मुलं म्हणाली, सातशे मिलीची बाटली १२० पासून १५० पर्यंत आहे. त्यांनी १३० ठरवली. जीएसटीचंही कोणीतरी विचारलं. मालाची वर्षाची उलाढाल चाळीस लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही एवढं सांगून मी पुढे गेले, एकशेवीस बाटल्यांसाठी तो विषय लांबवायचं कारण नव्हतं.

विकायला वेळ थोडा होता. मालवणात पर्यटक मे महिन्यात भरपूर असतात, पण पावसाळ्यामुळे २५ मेच्या सुमारास किल्ल्याच्या होड्या आणि समुद्रातले खेळ बंद होतात, आणि त्याच्या पाठोपाठ गर्दी ओसरते. सरबत तयार झालं महिन्याच्या दहा-बारा तारखेला. म्हणजे हातात जेमतेम दोन आठवडे. मुलं गटा-गटाने धक्क्याजवळ, एका ओळखीच्या खानावळीच्या दारात आणि तारकर्लीच्या रस्त्यावर उभी राहिली. घोटभर चव द्यायला चार बाटल्या फोडल्या आणि त्या वहीत जाहिरात खर्च म्हणून लिहिल्या.

घासाघीस करणारे भेटलेच. एका कुटुंबाने चार बाटल्या शंभरने मागितल्या. विकायला उभी होती तीच अकरावीतली मुलगी. तिने वही उघडून खर्चाचं पान दाखवलं आणि म्हणाली, आम्हाला १०४ रुपये ६० पैसे पडतात, त्यात तिघींची मजुरी आहे. त्या बाईंनी पान वाचलं आणि १३० नेच चार घेतल्या. दरवेळी असं होणार नाही, हे मी तिला नंतर सांगितलं. कित्येक जण वही बघायला थांबले नाहीत आणि निघून गेले. पण आपल्याला काय पडतं हे ज्याला पक्कं माहीत असतं, त्याचा आवाज भाव सांगताना कापत नाही, हे मी त्या पोरीत बघितलं.

चाळीस बाटल्या दुकानांत दिल्या, १०८ रुपयांनी. यावर मुलं चिडली होती. "तो नुसतो बाटली ठेवता आणि बावीस रुपये घेता!" मी वाद घातला नाही. त्यातल्या एका दुकानदाराला विनंती करून दोन मुलांना एक दुपार त्याच्या गल्ल्याजवळ बसवलं. गाळ्याचं भाडं, विजेचं बिल, मुदत संपून परत न गेलेली बिस्किटं, दोन तासांत आलेली पाच गिऱ्हाइकं, हे सगळं त्यांनी बघितलं. परत आल्यावर त्यांनी बाकीच्यांना सांगितलं, आपण धक्क्यावर नसतो तेव्हाही तो तिथे असतो. त्यानंतर बावीस रुपयांवर कोणी बोललं नाही.

वाडीत मात्र उधारीने घेरलं. "मागीर देतंय" म्हणणाऱ्या काका-मामांना नाही कसं म्हणायचं? बारा बाटल्या अशा गेल्या. मी मुलांना थांबवलं नाही, फक्त उधारीचं पान वेगळं काढायला लावलं आणि तारीख लिहायला लावली. गावात पत राखून आणि नातं सांभाळून पैसे मागायचे कसे, हे शहरातलं कुठलंही शिबिर शिकवू शकणार नाही. ते इथेच शिकावं लागतं. नववीतल्या एका मुलाला ते जमलं. तो सकाळी दूध घालायला जायचा तेव्हाच हसत आठवण करायचा. सात बाटल्यांचे पैसे जूनमध्ये आले, पाचचे राहिले.

हिशेब पुरा केला तो शाळा सुरू झाल्यावरच्या पहिल्या रविवारी. हातोहात बासष्ट बाटल्या, ८०६० रुपये. दुकानांचे ४३२०. उधारीतून आलेले ९१०. बियांचे ३६०. जमा १३६५०. त्यातून गटाचे ६३०० आणि व्याजाचे २५२ फेडले. मुलांचं भांडवल २७०० परत. मजुरी ३३००. उरले १०९८. नऊ वाटे, प्रत्येकी १२२ रुपये.

इथे भांडण झालं आणि ते होऊ दिलं हे बरं केलं. एक मुलगा तीनशे रुपये भरून दुसऱ्याच दिवशी मुंबईला मामाकडे गेला होता, तो जूनमध्ये परतला. "तू इलंसच नाय, मग तुका नफो कित्याक?" असं त्याला थेट विचारलं गेलं. तो रडवेला झाला. मी दोन रकाने आखले. एकात मजुरी, ती तासांवर. सर्वांत जास्त सहा तास केलेल्याला तीनशे, एकच तास केलेल्याला पन्नास, आणि या मुलाला शून्य. दुसऱ्यात नफा, तो भांडवलावर. त्याचे तीनशे दोन महिने अडकले होते. सरबत फुकट गेलं असतं तर त्याचेही बुडाले असते. म्हणून १२२ त्याचे. पटायला वेळ लागला. ज्याने सहा तास काम केलं होतं त्यानेच शेवटी म्हटलं, बरोबर आहे, मला तीनशे जास्त मिळालेच आहेत. बँकेत ठेव ठेवणारा, कंपनीचे शेअर घेणारा आणि कामगार यांच्यातला फरक मी पुस्तकातून समजावला असता तर तास गेला असता. इथे तो एका रुसलेल्या मित्राच्या निमित्ताने सगळ्यांना कळला.

मग पाकिटं. तीन आयांना त्यांच्या तासांप्रमाणे मिळून १९०० रुपये द्यायचे होते. मुलांनी पाकिटांवर नावं आणि तास लिहिले होते. पहिल्या आईने हात मागे घेतला. "माका कित्याक पैशे? घरचांच काम." तिची मुलगी, तीच अकरावीतली, वही पुढे करून म्हणाली, "आये, हय सही कर." आईने पाकीट बाजूला ठेवलं, मुलीने पेन तिच्या हातात दिलं. सही करताना त्या बाईने विचारलं, हे माझे आहेत ना, घरात द्यायचे नाहीत ना? ते ऐकून माझा गळा भरून आला. ती गेली कित्येक वर्षं दर मे महिन्यात घरासाठी आणि पाहुण्यांसाठी सरबत करते आहे. गटात ती दर महिन्याला शंभर रुपये भरते, तेही नवऱ्याकडून मागून.

त्यानंतर मुलांशी पैसे कुठे ठेवायचे यावर बोलले. दहा वर्षांवरच्या मुलाला बँकेत स्वतःचं बचत खातं स्वतः चालवता येतं. बहुतेकांची शिष्यवृत्तीची खाती होतीच, पासबुक मात्र वडिलांच्या कपाटात होतं. ते मागून आणून प्रत्येक नोंद वाचायला लावली. कोणाच्या खात्यातून एसएमएसचे पैसे कापले जात होते, कोणाला वर्षाचं व्याज किती पडतं ते पहिल्यांदा दिसलं. तिघांनी पोस्टात महिन्याला शंभर रुपयांचं आवर्ती खातं सुरू केलं. एकाने सगळे पैसे क्रिकेटच्या बॅटवर घालवले आणि त्यात मला काही वावगं वाटलं नाही, कमावलेला पैसा आनंदाने खर्च करणंही शिकायचं असतं.

त्या होडीवाल्याच्या मुलाने आपल्या वडिलांशी बोलणं केलं, हे मला ऑगस्टमध्ये कळलं. त्याचे वडील वही घेऊन माझ्याकडे आले. तीन टक्क्यांचं कर्ज मोडून बँकेकडून घेता येईल का हे विचारायला. कागदपत्रं जमवायचं काम अजून चालू आहे.

गणपतीला चाकरमानी आले तेव्हा उधारीतल्या तीन बाटल्यांचे ३९० रुपये वसूल झाले. दोन बाटल्यांचे राहिले, ते मुलांनी बुडीत म्हणून लिहिले, नावासकट. ३९० वाटून घ्यायचे की पुढच्या वर्षाला ठेवायचे यावर मत घेतलं, सहा विरुद्ध तीन अशा फरकाने ते ठेवायचे ठरले. त्याच बैठकीत नववीतला दूध घालणारा मुलगा म्हणाला, काकी, धक्क्यावर उन्हात उभे राहिलो ते तास तर कुठेच धरले नाहीत. खरंच धरले नव्हते. सहासष्ट तासांत चिरणं-भरणं आलं, विकणं आलं नव्हतं. ते धरले असते तर १०९८ मधलं फार काही उरलं नसतं. पुढच्या मे महिन्यात विक्रीचे तासही तक्त्यात येतील, बाटली १४० ची होईल, आणि ती १४० ला जाते की नाही ते बघावं लागेल. दोघांचं म्हणणं आहे की जाणार नाही, त्यापेक्षा साखरेची गोणी घाऊक बाजारातून आणून खर्च कमी करूया. वहीच्या मागच्या पानावर दोन्ही अंदाज मांडून ठेवलेत.

आणि तीन आयांनी आपल्या पाकिटातून प्रत्येकी ३०० रुपये पुढच्या वर्षाच्या भांडवलात टाकले आहेत. भागीदार आता बारा झाले. बैठक ठरवायची तर दुपारी तीननंतर, त्यांची भांडी-धुणी आटोपल्यावर, हा त्यांनी घातलेला पहिला नियम.